शेरलॉक: छतावरून उडी मारूनही तो वाचला कसा? (तिसऱ्या पर्वाची वाट बघणाऱ्यांचा धागा)

कोडेकर | ५ सप्टेंबर २०१३

पहिली दोन पर्वं पाहिली नसतील तर इथूनच मागे फिरा, खाली सगळं फोडलेलं आहे.

बीबीसीच्या 'शेरलॉक'चा सहावा भाग, 'द रायकेनबाख फॉल', १५ जानेवारी २०१२ ला लागला. शेरलॉक बार्ट्स हॉस्पिटलच्या छतावरून उडी टाकतो. त्याचा मित्र जॉन वॉटसन रस्त्यावरून बघतो, धावत जातो, मनगट धरतो, नाडी नाही. मग दफनभूमीत थडग्यापाशी जॉनचं ते बोलणं, आणि शेवटी थोड्या अंतरावर उभा असलेला, जिवंत शेरलॉक. तिथे पडदा पडला तो अजून उघडलेला नाही. चित्रीकरण मार्चमध्ये सुरू झालं, पहिल्या भागाचं नाव 'द एम्प्टी हर्स' आहे हेही कळलं, पण तारीख कोणी सांगायला तयार नाही.

माझं ठाम मत आहे की उत्तर त्या भागातच आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं आहे. मालिकेचा लेखक मॉफट याने भाग लागल्यावर लगेच सांगितलं होतं की एक दुवा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय: शेरलॉक त्यात अशी एक गोष्ट करतो जी त्याच्या स्वभावात बसत नाही. ती कोणती, हे आपण शोधायचं. नियम एकच. पडद्यावर दिसलं तेवढाच पुरावा. जुळा भाऊ, स्वप्न, भूत यांना प्रवेश नाही.

मला दिसलेलं मांडते. छताची जागा शेरलॉकनेच निवडली, त्याचा शत्रू मोरिआर्टी याला तिथे बोलावणारा मेसेज त्याचाच. त्याआधी तो बार्ट्सच्या शवागारात काम करणाऱ्या मॉलीकडे जाऊन म्हणाला की मी मरणार आहे असं वाटतंय आणि मला तुझी गरज आहे. लॅबमध्ये तो रबरी चेंडू आपटत बसला होता. फोनवर जॉनला त्याने एका ठरावीक जागी थांबवलं, हलू दिलं नाही, आणि त्या जागेच्या न् फुटपाथच्या मध्ये ती बुटकी इमारत येते. खाली पोत्यांनी भरलेला ट्रक उभा होता. नेमक्या वेळी एक सायकलवाला जॉनला धडकला.

बोला.

पोहेकर | ५ सप्टेंबर

खाली दया उभा होता. आयुष्यभर दरवाजे तोडले, एकदा झेलून दाखवलं.

स्वप्नाळू | ५ सप्टेंबर

पोहेकर =))

माझा कौल ट्रकला. तो पोत्यांवर पडला, ट्रक निघून गेला (तो निघून जाताना दिसतो, परत बघा), आणि तेवढ्या वेळात फुटपाथवर शवागारातलं प्रेत ठेवलं. मॉली कशाला हवी होती मग? आणि प्रेत शेरलॉकसारखं दिसणारं होतं याला आधार आहे. पळवून नेलेली ती छोटी मुलगी शेरलॉकला बघून किंचाळते. म्हणजे तिला पळवणारा माणूस हुबेहूब शेरलॉकसारखा दिसत होता. त्या माणसाचं पुढे काय झालं हे कोणीच सांगत नाही.

रक्तगट_ओ | ६ सप्टेंबर

डॉक्टर म्हणून दोन पैसे टाकतो.

चेंडू काखेत घट्ट दाबून धरला तर काखेतून जाणारी रोहिणी दबते आणि मनगटाची नाडी लागेनाशी होऊ शकते. जादूगारांची ही फार जुनी करामत. शेरलॉक फोनवर जॉनला म्हणतोच की ही एक जादूची युक्ती होती. तिथवर सगळं जुळतं. माझी हरकत वेगळी. जॉन साधा डॉक्टर नाही, अफगाणिस्तानात रणांगणावर काम केलेला लष्करी डॉक्टर आहे. अशा माणसाचा हात सवयीने मानेकडे जातो, आणि मानेची नाडी चेंडूने थांबत नाही. त्याने मनगटच का धरलं? कारण भोवतीच्या लोकांनी त्याला मानेपर्यंत पोहोचूच दिलं नाही. तो प्रसंग आवाज बंद करून बघा. लोक त्याला धरतात, बोटं सोडवतात, मागे ओढतात, आणि स्ट्रेचर लगेच हजर होतं. खऱ्या अपघातात इतकी शिस्तबद्ध गर्दी मी कधी पाहिली नाही.

रक्ताबद्दल: पिशवीतल्या रक्तात ते गोठू नये म्हणून द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे ते ओतलं की पातळच राहतं आणि फरशीवर पसरत जातं. हॉस्पिटलच्या दारात रक्ताची पिशवी मिळवणं मॉलीसाठी अवघड नाही. स्वप्नाळू म्हणतात तसं प्रेत ठेवलं असतं तर प्रेतातून असं रक्त वाहिलं नसतं. म्हणून माझ्या मते फुटपाथवर पडलेला माणूस शेरलॉकच होता, जिवंत.

अबोली_रत्नागिरी | ६ सप्टेंबर

रक्तगट_ओ, गर्दीचा मुद्दा एकदम पटला. ती गर्दी म्हणजे त्याची बेघर माणसांची फौज! 'द ग्रेट गेम'मध्ये तो रस्त्यावरच्या मुलीला पैसे देऊन माहिती काढतो ना, तीच ही माणसं. मूळ कथांमध्ये बेकर स्ट्रीटची उनाड पोरं होती, त्यांची ही आजची आवृत्ती.

सॅनहोजेची_सई | ७ सप्टेंबर

'हाउंड्स ऑफ बास्करव्हिल'मधला तो भ्रम निर्माण करणारा वायू कोणी विचारात घेतला का? सायकलवाल्याने धडक मारताना जॉनवर फवारला असेल. मग त्याला जे दाखवायचं ते दिसणार.

कोडेकर | ७ सप्टेंबर

सई, वाचलंय हे बऱ्याच ठिकाणी, पण मला ते लेखकांनी केलेली फसवणूक वाटेल. वायू आला की कशालाही काहीही म्हणता येतं, मग तर्काला जागाच उरत नाही. शिवाय उडी बघताना जॉनला अजून सायकल धडकलेलीच नव्हती.

मिरजकर | ९ सप्टेंबर

रंगात आलेल्या चर्चेत खडा टाकतोय, दिवे घ्या.

ग्रॅनडा टीव्हीची होम्स मालिका, १९८४ ते १९९४, होम्स म्हणजे जेरेमी ब्रेट. ज्याने ती पाहिलीय त्याला बीबीसीचा हा कंबरबॅच होम्स म्हणून गळी उतरत नाही. मूळ होम्स विक्षिप्त होता, पण अशिलाशी वागताना त्याच्याइतका सभ्य माणूस नाही. घाबरलेली बाई दारात आली तर आधी तिला शेकोटीजवळ बसवेल, काहीतरी गरम प्यायला मागवेल, मग प्रश्न विचारेल. हा मॉलीचा भर नाताळात सगळ्यांसमोर अपमान करतो. आणि पडद्यावर अक्षरं उडवली, कॅमेरा गरगर फिरवला की तर्क झाला? ब्रेट एका भुवईत सांगायचा.

अबोली_रत्नागिरी | ९ सप्टेंबर

मिरजकर, ब्रेट मलाही अतिशय आवडतो. पण तुम्ही उदाहरण अर्धवट घेतलंत. त्या नाताळच्या प्रसंगात भेटवस्तूवर स्वतःचंच नाव आहे हे कळल्यावर शेरलॉक सगळ्यांसमोर मॉलीची माफी मागतो, मनापासून. त्याला माणूस होताना दाखवणं हाच या मालिकेचा मोठा धागा आहे. ब्रेटचा होम्स पहिल्या भागापासून पूर्ण घडलेला आहे, हा आपल्यासमोर घडतोय.

आणि अक्षरांचं म्हणाल तर मूळ होम्स तारा करायचा. शक्य तिथे तारच. आजचा होम्स मेसेज करणार, आणि मेसेज वाचताना दरवेळी फोनचा पडदा दाखवत बसलं तर कंटाळा येईल. अक्षरं माणसाच्या शेजारी हवेत लिहिल्यामुळे मेसेज आणि वाचणाऱ्याचा चेहरा एकाच चौकटीत दिसतो. ही दिखाऊगिरी नाही हो, हे काम आहे.

जुनीपुस्तके | १० सप्टेंबर

अबोलींना अनुमोदन. मी मूळ कथा शाळेत असल्यापासून वाचत आलोय, त्या बाजूने लिहितो. मालिका मला आवडते ती तिने जुन्यातल्या एकेका बारकाव्याचं काय केलं ते बघून.

१८९० च्या 'साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसन होम्सला एक खिशातलं घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघून होम्स सांगतो की याचा आधीचा मालक, तुझा भाऊ, दारूडा होता, कारण रात्री किल्ली देताना हात थरथरायचा. मालिकेत घड्याळाचा मोबाइल झाला आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकाभोवती आले. तर्क तोच, निष्कर्ष तोच. फक्त मोबाइलवर कोरलेलं हॅरी हे नाव भावाचं नसून बहिणीचं निघतं, आणि अचूक सांगत आलेला शेरलॉक शेवटच्या पायरीवर चुकतो. मूळ कथा पाठ असलेल्या आमच्यासारख्यांनाही तिथे धक्का बसला.

दुसरं त्याहून सुंदर. वॉटसनला गोळी कुठे लागली? पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पाय दुखतोय. मूळ लेखक डॉइलने हा गोंधळ तसाच सोडून दिला आणि अभ्यासक शंभर वर्षं त्यावर वाद घालत बसले. मालिकेने काय केलं? जखम खांद्यालाच, पण लंगडणं मनातलं. आणि शेरलॉकच्या मागे लंडनच्या गल्ल्यांतून धावताना तो काठी हॉटेलातच विसरतो, हा पहिल्या भागाचा कणा! विसंगती सोडवलीच, वर तिच्यातून मैत्रीची सुरुवात काढली.

मिरजकर | १० सप्टेंबर

जुनीपुस्तके, खांद्याचं आणि पायाचं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुरेख. सभ्यपणाबद्दल मात्र मी जागचा हलणार नाही.

पोहेकर | १० सप्टेंबर

मिरजकर, आहात तिथेच थांबा, हलू नका. मध्ये बुटकी इमारत येऊ द्या.

जुनीपुस्तके | ११ सप्टेंबर

अवांतर होतंय, पण आपल्या मातीशी संबंध आहे म्हणून लिहितो. वॉटसन अफगाणिस्तानला जाताना मुंबईत उतरला होता. कादंबरीच्या अगदी सुरुवातीलाच आहे: मुंबईला पोहोचलो तेव्हा कळलं की माझी पलटण खिंडी ओलांडून पुढे गेलीय. ज्या लढाईत तो जखमी झाला ती मैवंदची, २७ जुलै १८८०. आयुब खानाने इंग्रजांना तिथे सपशेल हरवलं. त्या सैन्यात बर्कशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर आपल्या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स. वॉटसनच्या आजूबाजूला जे शिपाई पडले त्यांत मोठ्या संख्येने इथलेच होते, आणि कादंबरीत त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. वॉटसनला त्याच्या ऑर्डर्लीने घोड्यावर टाकून वाचवलं. मुंबईच्या शिपायांना वाचवणारं तिथे कोण होतं, हा विचार ते पान वाचताना दरवेळी येतो.

आणि सव्वाशे वर्षांनी मालिका आली तेव्हा 'अफगाणिस्तान की इराक?' हा प्रश्न आजचा म्हणून विचारता आला. लेखकांना युद्ध बदलावं लागलं नाही. याचं वाईट वाटतं.

मध्यरात्र | ११ सप्टेंबर

हे माहीत नव्हतं. धन्यवाद जुनीपुस्तके. वेगळा लेखच लिहा ना यावर.

टेम्सकाठ | १४ सप्टेंबर

लंडनमधून हजेरी. हा धागा वाचून परवा मुद्दाम बार्ट्सला जाऊन आले.

हॉस्पिटल ११२३ सालचं, पण तिथे हल्ली लोक फोटो काढतात ते त्या छताचे. जवळच लाल टेलिफोन बूथ आहे, त्याच्या काचा चिठ्ठ्यांनी भरून गेल्यात. 'आमचा शेरलॉकवर विश्वास आहे', 'मोरिआर्टी खरा होता', जपानी, रशियन, स्पॅनिश, कितीतरी लिप्या. एक कोपरा मोकळा सापडला, तिथे मी मराठीत लिहून आले.

कोडेकर, मी जॉनच्या जागी उभी राहून बघितलं. बुटकी इमारत खरंच मध्ये येते. छत दिसतं, उडी मारणारा माणूस दिसेल, पण तो जमिनीला टेकतो ती जागा दिसत नाही. पाच-दहा पावलं बाजूला सरकलं की सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे 'तिथेच थांब' हे वाक्य भावनेच्या भरात आलेलं नाही, मोजूनमापून आलंय.

जाणाऱ्यांसाठी: मालिकेतलं २२१बी बेकर स्ट्रीटवर नाहीच. चित्रीकरण नॉर्थ गोवर स्ट्रीटला होतं, खाली स्पीडीज नावाचं छोटं कॅफे आहे ते खरोखरच तिथे आहे. बेकर स्ट्रीट वाहता रस्ता, जागोजागी होम्सच्या नावाच्या पाट्या, तिथे कॅमेरा लावणार कुठे? घरातले बरेचसे प्रसंग तर वेल्समध्ये सेट उभारून करतात. मुळात मालिका सुचली तीच मॉफट आणि गेटिस यांना 'डॉक्टर हू'च्या कामासाठी लंडन-कार्डिफ गाडीने ये-जा करताना.

स्वप्नाळू | १४ सप्टेंबर

मराठीत काय लिहिलंत ते सांगा की!

टेम्सकाठ | १४ सप्टेंबर

'लवकर ये. जॉन वाट बघतोय.'

अबोली_रत्नागिरी | १४ सप्टेंबर

:'(

मध्यरात्र | १७ सप्टेंबर

मालिका आवडते म्हणूनच एक तक्रार नोंदवते. आयरीन अॅडलर. १८९१ च्या मूळ कथेत ती होम्सला हरवते. सरळ हरवते, वेषांतर करून त्याच्या दारावरून जाताना त्याला शुभरात्री म्हणते, आणि सकाळी तो पोहोचेपर्यंत नवऱ्याबरोबर देश सोडून गेलेली असते. व्हिक्टोरियन काळात एका पुरुष लेखकाने लिहिलेली बाई जिंकते. आणि २०१२ मध्ये? तिची नाडी मोजून, फोनचा पासवर्ड ओळखून शेरलॉक तिला हरवतो, ती गयावया करते, आणि शेवटी कराचीत तोच येऊन तिला वाचवतो. भाग देखणा आहे, संवाद अफलातून आहेत, पण तिच्यावर अन्याय झाला. एकशे वीस वर्षांत आपण पुढे यायला हवं होतं.

सॅनहोजेची_सई | १७ सप्टेंबर

मध्यरात्र, शंभर टक्के. याच कारणासाठी मी अमेरिकेतली 'एलिमेंटरी' बघायला लागले. न्यूयॉर्कमधला होम्स, वॉटसन म्हणजे ल्युसी ल्यू. ती त्याची सेवा करत नाही, स्वतः गुप्तहेर होते. आणि वर्षाला वीसहून जास्त भाग, तुमच्यासारखं तीन भागांवर दोन वर्षं काढावी लागत नाहीत.

पोहेकर | १७ सप्टेंबर

सईला धाग्यावरून हाकला.

कोडेकर | १७ सप्टेंबर

कोणीही कोणाला हाकलू नये. :) पण सई, वीस भागांत दर आठवड्याला खून, तपास, अटक हा साचा येतोच. इथे नव्वद मिनिटांचा एकेक भाग म्हणजे चित्रपटच. तीनच करतात म्हणून तर एका भागातले सहा दुवे पकडून आपण वीस महिने बोलतोय.

मध्यरात्रचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त एक गोष्ट आपल्या कोड्यासाठी महत्त्वाची. आयरीनने स्वतःचं मरण रचलं होतं. शवागारात मॉलीने कपडा बाजूला केला, शेरलॉकने तिला ओळखलं, आणि ती जिवंत निघाली. म्हणजे लेखकांनी आपल्याला तीन भागांच्या त्याच पर्वात आधीच शिकवून ठेवलंय: या जगात प्रेत बदलता येतं, आणि शेरलॉकने ते होताना पाहिलंय.

सीआयडीप्रेमी | २० सप्टेंबर

कौतुक सगळं खरं, पण आपल्याकडेही होतं हो. बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्शी', १९९३, दूरदर्शन. रजित कपूर धोतर नेसून, आवाज न चढवता गुन्हेगाराला कोपऱ्यात घ्यायचा. त्याआधी 'करमचंद', गाजर खाणारा पंकज कपूर. मराठीत 'एक शून्य शून्य' लागायचं तेव्हा आमच्या वाड्यात जेवणं लवकर आटपायची. पैसा नव्हता, सेट हलायचे, तरी माणसं खरी वाटायची. आज आपल्या वाहिन्यांवर रहस्य म्हणजे तीनदा वळणारी मान आणि ढॅण् ढॅण् ढॅण्. एका मराठी वाहिनीने वर्षाला फक्त तीन भाग, पण नीट लिहिलेले, असा प्रयोग करावा. प्रेक्षक आहे, हा धागाच पुरावा.

मिरजकर | २० सप्टेंबर

ब्योमकेशसाठी +१. आणि बघा, तोही सभ्य होता.

रक्तगट_ओ | २१ सप्टेंबर

सीआयडीप्रेमी, पुणे-कोल्हापूर रस्त्यावरची एखादी जुनी हवेली, ऊस कारखान्याचा चेअरमन, हिशेबनीसाचा खून. मी बघेन. शवविच्छेदनातल्या चुका दुरुस्त करून द्यायला फुकट येईन.

अबोली_रत्नागिरी | ३ ऑक्टोबर

धागा वर काढतेय, कारण मला बहुधा सापडलंय.

काल सहावा भाग परत पाहिला. लॅबमध्ये जॉनला फोन येतो, मिसेस हडसनला गोळी लागली, ती मरणाच्या दारात आहे. जॉन उठतो. शेरलॉक जागचा हलत नाही. जॉन ओरडतो तर हा थंडपणे म्हणतो, ती माझी घरमालकीण आहे. जॉन त्याला यंत्र म्हणून निघून जातो. पहिल्यांदा बघताना मीही शेरलॉकवर चिडले होते.

पण आठवा, त्याच पर्वाच्या पहिल्या भागात काय झालं होतं. त्या अमेरिकन माणसाने मिसेस हडसनवर हात उचलला, तिच्या गालावर ओरखडा होता. शेरलॉकने त्याला खिडकीतून खाली फेकला. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडने विचारलं किती वेळा पडला, तर म्हणे मोजायचं राहिलं. मिसेस हडसन बेकर स्ट्रीट सोडून गेली तर इंग्लंड कोसळेल, हे वाक्यही त्याच भागातलं, शेरलॉकच्याच तोंडचं.

एका ओरखड्यासाठी माणूस खिडकीतून फेकणारा तिला गोळी लागल्याचं ऐकून चेंडू हातात धरून बसून राहतो? स्वभावात न बसणारी गोष्ट हीच! त्याला ठाऊक होतं की फोन खोटा आहे. आणि जॉनने तिथून जावं अशी त्याची इच्छा होती.

स्वप्नाळू | ३ ऑक्टोबर

अगं बाई!!! काटा आला.

जुनीपुस्तके | ३ ऑक्टोबर

अबोली, तुमच्या तर्कावर मूळ कथेचं शिक्कामोर्तब करतो.

डिसेंबर १८९३, 'द फायनल प्रॉब्लेम'. होम्स आणि वॉटसन स्वित्झर्लंडमध्ये रायकेनबाखच्या धबधब्यापाशी आहेत. हॉटेलातून एक पोरगा चिठ्ठी घेऊन धावत येतो: एक इंग्रज बाई क्षयाने शेवटच्या घटका मोजतेय, तिला इंग्रज डॉक्टरच हवाय. वॉटसन परत जातो. हॉटेलात अशी कोणी बाईच नसते. तो धावत वर येतो तोवर होम्स नाहीसा. कड्याला टेकवलेली काठी, आणि चांदीच्या सिगारेट केसखाली ठेवलेलं पत्र. त्या पत्रात होम्स स्वच्छ लिहितो की ती चिठ्ठी बनावट आहे याची मला पुरेपूर खात्री होती, आणि तरी मी तुला जाऊ दिलं.

आजारी बाईच्या जागी मिसेस हडसन. चिठ्ठीच्या जागी फोन. पत्राच्या जागी छतावरून केलेला तो कॉल, शेरलॉक म्हणतोच की हा कॉल म्हणजे माझी चिठ्ठी. एकास एक. मग 'मला ठाऊक होतं, तरी जाऊ दिलं' हा सर्वात महत्त्वाचा तुकडा लेखक सोडून देतील? त्यांनी तो ठेवलाय, फक्त उच्चारलेला नाही. अभिनेत्याकडून करून घेतलाय.

मिरजकर | ४ ऑक्टोबर

हे असेल तर मी सभ्यपणाबद्दलची हरकत या एका प्रसंगापुरती मागे घेतो. मित्राला वाचवायला त्याच्या नजरेत दगड ठरणं पत्करलं, हे मूळ होम्सला शोभणारं आहे.

कोडेकर | ४ ऑक्टोबर

अबोली, जुनीपुस्तके, दोघांना साष्टांग. याने सगळं उलटं फिरतं. आपण इतके दिवस समजत होतो की शेरलॉक छतावर सापळ्यात सापडला आणि मग त्याने वाट काढली. पण फोन येण्याआधीच त्याने मॉलीला गाठलं होतं, मोरिआर्टीला कुठे बोलवायचं ते ठरवलं होतं, आणि जॉन निघून जाणार हे धरून चालला होता. तीन नेमबाज तीन मित्रांवर रोखलेले असणार, उडी मारली तरच ते वाचणार, हेही त्याने आधी ताडलं असलं पाहिजे. छतावरचं रडणं, विनवणं, निदान काही भाग तरी, मोरिआर्टीने बेसावध व्हावं म्हणून.

मध्यरात्र | ४ ऑक्टोबर

रडणं खोटं होतं हे मी मानणार नाही. योजना तयार असली तरी जॉनचा निरोप घेणं खरंच होतं. मित्राला आपण मेलो असं पटवायचं आणि कधी भेटू ते माहीत नाही, मग डोळ्यांत पाणी येणारच.

रक्तगट_ओ | ५ ऑक्टोबर

तर्क भक्कम आहे. पण एक अडचण राहते. मोरिआर्टी छतावर स्वतःला गोळी घालेल हे शेरलॉकने कसं ओळखलं असेल? त्याच्या चेहऱ्यावरचा धक्का मला खरा वाटतो. मोरिआर्टी जिवंत राहिला असता तर तो कठड्यावरून वाकून खाली बघणार होता, आणि वरून तर बुटकी इमारत आड येत नाही. ट्रक, पोती, रक्ताची पिशवी, सगळं दिसलं असतं. म्हणजे योजना एक नव्हती. मोरिआर्टी जिवंत असताना करायची वेगळी आणि मेल्यावर करायची वेगळी, असं काहीतरी हवं.

कोडेकर | ५ ऑक्टोबर

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न हाच आहे.

टेम्सकाठ | २९ नोव्हेंबर

तारीख आली!!!! आज लंडनमध्ये रस्त्यावरून एक रिकामी शववाहिका फिरवली, तिच्यावर तारीख: १ जानेवारी २०१४. 'एम्प्टी हर्स', शब्दशः!

स्वप्नाळू | २९ नोव्हेंबर

आआआआ!!! ऑफिसात ओरडले. सगळे बघतायत.

सॅनहोजेची_सई | २९ नोव्हेंबर

अमेरिकेत लगेच दाखवणार नाहीत हो. नवीन वर्षाच्या दिवशी कोणीही इथे काहीही फोडायचं नाही, हात जोडते.

कोडेकर | ३० नोव्हेंबर

सईसाठी आणि भारतात उशिरा बघणाऱ्यांसाठी: १ जानेवारीनंतर या धाग्यावर नव्या भागाबद्दल काही लिहायचं नाही, त्यासाठी दुसरा धागा काढते. इथे तोवर फक्त अंदाज.

जुनीपुस्तके | ३० नोव्हेंबर

माझा अंदाज जॉनबद्दल. १९०३ मध्ये आलेल्या कथेत होम्स परतला तेव्हा म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात वॉटसनच्या खोलीत आला, वेष उतरवला आणि वॉटसन आयुष्यात पहिल्यांदाच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर रागाचा एक शब्द नाही. कथेतली तीन वर्षं शोक केला आणि क्षणात माफ. मला ते कधीच पटलं नाही. त्यातून होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याला सुरुवातीपासून माहीत होतं, वॉटसनला तेवढं नव्हतं. मार्टिन फ्रीमनचा जॉन बेशुद्ध पडणार नाही.

अबोली_रत्नागिरी | ३० नोव्हेंबर

ठोसा मारेल.

मध्यरात्र | ३० नोव्हेंबर

मारायलाच हवा. आणि इथे मायक्रॉफ्टबरोबर मॉलीलाही माहीत होतं. जॉनला ते कळेल तेव्हा काय होईल?

पोहेकर | ३० नोव्हेंबर

ठोशाला अनुमोदन. दोन मारावेत, एक माझ्या वतीने.

रक्तगट_ओ | १ डिसेंबर

सगळे जॉनकडे गेलात, माझा प्रश्न तसाच आहे. छतावर मोरिआर्टीचं प्रेत पडलंय, हातात पिस्तूल. पेपरात शेरलॉकची आत्महत्या छापून आली, मोरिआर्टीच्या प्रेताचा उल्लेखही नाही. पोलिसांना ते सापडलं असतं तर 'मोरिआर्टी हा शेरलॉकनेच ठेवलेला भाड्याचा नट होता' ही पेपरांतली बातमी एका दिवसात कोसळली असती, कारण भाड्याचा नट हॉस्पिटलच्या छतावर स्वतःला गोळी कशाला घालेल? ते प्रेत कोणीतरी पोलिसांच्या आधी हलवलंय. मॉलीच्या एकटीच्या आवाक्यातलं काम नाही ते.

कोडेकर | १ डिसेंबर

मायक्रॉफ्ट. भावाची सगळी माहिती मोरिआर्टीला देऊन बसणं त्याच्यासारख्याला अजिबात शोभत नाही, हे मला पहिल्यापासून खटकतंय. आज रात्री फक्त मायक्रॉफ्टचे प्रसंग परत बघते आणि लिहिते.